ग्राफिक्स कार्ड घेण्यापूर्वी मदरबोर्डची परीक्षा

लष्कर ही मुळात छावणी. इ. स. १८१० च्या सुमारास दौलतराव शिंदे यांनी ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या दक्षिणेस आपला तळ दिला, आणि त्या तळास रसद पुरविता पुरविता जी पेठ उभी राहिली तिचेच पुढे नगर झाले. सराफा, दौलतगंज, नया बाजार या आपल्या पेठांतून पिढ्यानपिढ्या गादी, तिजोरी आणि वही ही पेढीची तीन साधने मानली जात. आज त्यांत चौथ्याची भर पडली आहे, ते म्हणजे संगणक. हिशेब, कराची विवरणपत्रे, मालाची नोंद ही कामे तर तो करतोच. परंतु गेल्या काही वर्षांत आपल्या सराफ बंधूंनी त्याजकडे निराळेही काम सोपविले आहे. दागिन्याचा जो नमुना पूर्वी कारागीर कागदावर रेखाटून हाताने मेणात कोरीत असे, तो आता पडद्यावर आकारास येतो. चहूबाजूंनी फिरवून गिऱ्हाइकास दाखविता येतो, आणि मेणाचा नमुनाही यंत्रच काढून देते. या कामासाठी, तसेच घरातील मुलांच्या स्थापत्य, चित्रपट-संकलन किंवा कृत्रिम बुद्धिमत्तेच्या अभ्यासासाठी ‘ग्राफिक्स कार्ड’ नावाची वस्तू हल्ली पुष्कळ घरांत विकत घेतली जाते. वस्तू लहान, किंमत मोठी, आणि तिच्याविषयीची माहिती मात्र बेताची. अशा ठिकाणी फसगत व्हावयाची हे व्यापाऱ्यास निराळे सांगावयास नको. सबब या विषयावर चार शब्द लिहिण्याचे योजिले आहे.

आरंभी आमच्याच घरात घडलेली गोष्ट सांगतो. माझ्या धाकट्या बंधूंच्या मुलाने पेढीवर दागिन्यांच्या आरेखनाचे काम सुरू करावयाचे ठरविले. पेढीवरील संगणक २०१९ साली एका कंपनीकडून तयार स्थितीत घेतलेला व चांगल्या चालीत होता. चिरंजीवांनी आरटीएक्स ३०६० जातीचे, १२ गिगाबाइट मेमरीचे कार्ड मागविले. पेटी उघडली तेव्हा सर्वांस आनंद झाला. परंतु कार्डाच्या माथ्यावर वीज देण्याची जी आठ पिनांची जोडणी होती, तिच्यात बसणारी तारच संगणकाच्या वीजपुरवठ्यातून निघत नव्हती. तो पुरवठा होता अवघा २६० वॅटचा. एका दुकानदारास विचारता त्याने सांगितले, “मदरबोर्ड जुना आहे, तो बदला.” आम्ही विश्वास ठेवून नवा बोर्ड आणविला. त्यावर जुना प्रोसेसर बसेना, म्हणून नवा प्रोसेसर घेतला. नव्या बोर्डास डीडीआर-५ मेमरी लागे, आणि आमची होती डीडीआर-४. तीही नवी आली. कंपनीच्या जुन्या कॅबिनेटमध्ये नव्या बोर्डाची भोके जुळेनात. म्हणून कॅबिनेट आणि त्याबरोबर वीजपुरवठा, दोन्ही घ्यावे लागले. अखेर जुन्यापैकी पडदा, कळफलक आणि डिस्क एवढेच उरले. चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला म्हणतात, तसा हा प्रकार झाला.

वाईट वाटले ते खर्चाचे नव्हे. खर्च तर व्यापारात होतोच. वाईट याचे वाटले की दोष जुन्या मदरबोर्डचा नव्हताच. त्याची कार्ड बसविण्याची खाच त्या कार्डास पुरेशी होती. उणीव होती विजेची. ज्या भागात दोष नव्हता तोच आम्ही प्रथम बदलला, आणि त्या एका बदलापायी बाकीचे सर्व बदलावे लागले. म्हणून या लेखाचे सार प्रारंभीच सांगून टाकतो : कार्ड घेण्यापूर्वी आपला मदरबोर्ड ओळखावा, तो बदलणे खरोखरीच आवश्यक आहे काय हे तपासावे, आणि आवश्यकच ठरले तर त्याबरोबर काय काय बदलेल याचा सबंध जमाखर्च आधी मांडावा.

मदरबोर्ड म्हणजे संगणकातील मुख्य फलक. प्रोसेसर, मेमरी, डिस्क आणि इतर कार्डे ही सर्व त्याच्यावर बसतात किंवा त्यास तारांनी जोडली जातात, आणि त्यांचा परस्परांशी व्यवहार त्याच्याच द्वारे होतो. ग्राफिक्स कार्ड हे पडद्यावरील चित्र तयार करणारे स्वतंत्र यंत्रच होय. त्याचा स्वतःचा प्रोसेसर असतो, स्वतःची मेमरी असते, स्वतःचे पंखे असतात. आणि ते मदरबोर्डवरील लांब खाचेत, म्हणजे स्लॉटमध्ये, बसविले जाते. मुख्य फलकास जे काम सहज होत नाही त्यासाठी निराळे कार्ड जोडावे ही कल्पना आपल्याकडे नवीन नाही. पडद्यावर देवनागरी अक्षरे उमटविणे हेच एके काळी संगणकास अवघड होते. तेव्हा कानपूरच्या आय.आय.टी.मध्ये उगम पावलेल्या आणि १९८८ साली पुण्यास स्थापन झालेल्या सी-डॅक संस्थेने पुढे वाढविलेल्या ‘जिस्ट’ तंत्राचे कार्ड संगणकाच्या स्लॉटमध्ये बसवून अनेक कचेऱ्यांनी भारतीय भाषांत काम केले. त्या कार्डासदेखील योग्य स्लॉट आधी असावा लागे. मूळ प्रश्न आजही तोच आहे.

आता परीक्षेकडे वळू. ती चार अंगांनी करावयाची : स्लॉट, जागा, वीज आणि सोबती.

स्लॉट. आजचे प्रत्येक ग्राफिक्स कार्ड पीसीआय एक्स्प्रेस नावाच्या पद्धतीने जोडले जाते. या पद्धतीची पहिली नियमावली २००३ साली प्रसिद्ध झाली, आणि त्यानंतर तिच्या अनेक पिढ्या झाल्या. रस्त्यावर वाहतुकीच्या जशा रांगा असतात तशा या स्लॉटमध्ये माहिती वाहून नेणाऱ्या मार्गिका असतात. बाजारात त्यांस ‘लेन’ म्हणतात. ग्राफिक्स कार्डाचा मुख्य स्लॉट १६ मार्गिकांचा असतो. तिसऱ्या पिढीच्या अशा स्लॉटमधून एका दिशेने दर सेकंदास सुमारे १६ गिगाबाइट माहिती जाते. चौथ्या पिढीत सुमारे ३२, आणि पाचव्या पिढीत सुमारे ६३. तिसरी पिढी २०१० ची, चौथी २०१७ ची आणि पाचवी २०१९ ची. बाजारात त्या त्या पिढीचे बोर्ड यानंतर काही काळाने आले.

येथे सर्वांत मोठा गैरसमज होतो. नवे कार्ड चौथ्या पिढीचे आणि आपला बोर्ड तिसऱ्या पिढीचा, म्हणजे कार्ड चालणारच नाही, असे पुष्कळांस वाटते, आणि विकणारेही कधी कधी तसे वाटू देतात. वस्तुतः या सर्व पिढ्या परस्परांशी जुळतील अशाच रचलेल्या आहेत. नवे कार्ड जुन्या स्लॉटमध्ये जुन्या वेगाने चालते. कार्ड जर पुरत्या १६ मार्गिकांचे असेल, तर तिसऱ्या आणि चौथ्या पिढीतील फरक नित्याच्या कामात बहुधा काही थोड्या टक्क्यांचाच दिसतो. तेवढ्यासाठी चालता बोर्ड काढून टाकणे शहाणपणाचे नव्हे.

परंतु या नियमास एक अपवाद आहे. काही कार्डांचा जोड दिसावयास पूर्ण लांबीचा असतो, पण आत मार्गिका कमी असतात. आरटीएक्स ४०६० आणि आरएक्स ६६०० ही कार्डे ८ मार्गिकांची आहेत. २०२२ च्या जानेवारीत आलेले आरएक्स ६५०० एक्सटी तर केवळ ४ मार्गिकांचे. चौथ्या पिढीच्या बोर्डावर ४ मार्गिका सेकंदास सुमारे ८ गिगाबाइट वाहून नेतात; तिसऱ्या पिढीच्या बोर्डावर त्याच्या निम्मेच. कार्डाची स्वतःची मेमरी अपुरी पडून माहितीची ने-आण वाढली म्हणजे हा संकोच स्पष्ट जाणवू लागतो. म्हणून नियम असा धरावा : १६ मार्गिकांचे कार्ड जुन्या बोर्डावर निर्धास्त लावावे, ८ मार्गिकांचे विचार करून लावावे, ४ मार्गिकांचे जुन्या बोर्डावर लावूच नये.

आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. बऱ्याच बोर्डांवर दोन लांब स्लॉट असतात; लांबी सारखीच, पण खालच्या स्लॉटमध्ये अनेकदा चारच मार्गिका जोडलेल्या असतात. कार्ड नेहमी प्रोसेसरच्या जवळच्या, वरच्या स्लॉटमध्येच बसवावे. दुसरे असे की स्लॉटची पिढी एकट्या बोर्डावर ठरत नाही, प्रोसेसरवरही ठरते. बी-५५० जातीच्या बोर्डावर मुख्य स्लॉट चौथ्या पिढीचा असतो. पण त्यावर रायझन ५६००-जी हा प्रोसेसर बसविला तर तोच स्लॉट तिसऱ्या पिढीप्रमाणे चालतो. नाव जवळजवळ सारखे असलेला रायझन ५६०० घेतला तर मात्र चौथी पिढी मिळते. एका अक्षराचा हा फरक बिलावर नीट वाचून घ्यावा.

जागा. बोर्डांची मापे ठरलेली आहेत. एटीएक्स बोर्ड ३०५ बाय २४४ मिलिमीटर, मायक्रो-एटीएक्स २४४ बाय २४४, आणि मिनी-आयटीएक्स १७० बाय १७०. एका ग्राफिक्स कार्डासाठी मायक्रो-एटीएक्स पुरेसा होतो. केवळ मोठा म्हणून एटीएक्स घेण्याचे कारण नाही. आजची कार्डे जाड असतात. दोन किंवा तीन स्लॉटची रुंदी ती व्यापतात, आणि त्यांच्याखाली झाकलेला स्लॉट निरुपयोगी होतो. ज्यांस वायफायचे किंवा अन्य कार्ड लावावयाचे आहे त्यांनी हा हिशेब आधी करावा. मोठ्या कार्डांची लांबी ३०० मिलिमीटरच्याही पुढे जाते. तेव्हा कॅबिनेट उघडून, पट्टी लावून, मागच्या पत्र्यापासून पुढील अडथळ्यापर्यंतचे अंतर मोजावे आणि कार्डाच्या माहितीपत्रकातील लांबीशी ताडून पाहावे. कापड मोजून देणाऱ्या आपल्या हातांस हे काम कठीण नाही. ते करावयाचे तेवढे सुचत नाही.

ज्यांचे संगणक एखाद्या कंपनीने तयार करून दिलेले आहेत त्यांनी विशेष सावध असावे. अशा संगणकांत बोर्डाचा आकार, त्याची भोके आणि वीजपुरवठ्याचे जोड पुष्कळदा त्या कंपनीचे स्वतःचेच असतात. बाजारातील सर्वसामान्य बोर्ड त्यांत बसेलच असे नाही.

वीज. आमची खरी अडचण येथे होती. स्लॉटमधून कार्डास जास्तीत जास्त ७५ वॅट वीज मिळते. त्याहून अधिक लागल्यास वीजपुरवठ्याच्या पेटीतून, जिला बाजारात एसएमपीएस म्हणतात तिच्यातून, निराळी तार आणावी लागते. सहा पिनांच्या तारेने आणखी ७५ वॅट मिळतात, आठ पिनांच्या तारेने १५०. आरटीएक्स ३०६० ला १७० वॅट लागतात, म्हणून आठ पिनांची एक तार हवी. आणि सबंध संगणकासाठी ५५० वॅटचा पुरवठा असावा असे निर्माते सांगतात. २०२२ पासून अतिशय मोठ्या कार्डांस सोळा पिनांचा नवा जोड आला आहे. तो ६०० वॅटपर्यंत वीज नेतो, आणि पूर्णपणे आत बसविला नाही तर वितळण्याचा धोका असतो. डिस्कच्या तारेस जोड लावून कार्डाला वीज देण्याची युक्ती कोणी सांगितली तर ती मुळीच मानू नये. त्या तारा एवढ्या भारासाठी केलेल्या नसतात.

विजेचाच पुढचा भाग यूपीएसचा. ६०० व्हीए म्हणून विकला जाणारा सर्वसाधारण यूपीएस प्रत्यक्षात सुमारे ३६० वॅटचा भार घेतो. नुसत्या हिशेबाच्या संगणकास तो पुष्कळ झाला. पण मोठे कार्ड जोडल्यावर वीज जाताच तो हात टेकतो, आणि अर्धवट लिहिलेले काम नाहीसे होते. कार्डाबरोबर यूपीएसची क्षमताही तपासून पाहावी. शिवाय आपल्या गावचा उन्हाळा सर्वांच्या परिचयाचा आहे. मे-जूनमध्ये पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि धूळ तर बारमाही. भिंतीशी टेकवून ठेवलेल्या बंद कॅबिनेटात मोठे कार्ड तापून स्वतःच आपला वेग कमी करून घेते. हवेस पुढून आत व मागून बाहेर जाण्यास वाट असावी, आणि दर दोन महिन्यांनी धूळ काढावी.

सोबती. बोर्ड बदलावाच लागला तर त्याच्याबरोबर प्रोसेसर आणि मेमरी यांचा प्रश्न उभा राहतो. प्रत्येक बोर्डावर प्रोसेसर बसविण्याचे एक ठरलेले आसन असते. त्यास सॉकेट म्हणतात. इंटेलच्या बाराव्या ते चौदाव्या पिढीचे प्रोसेसर एलजीए-१७०० या सॉकेटवर बसतात, आणि त्या सॉकेटचे बोर्ड डीडीआर-४ व डीडीआर-५ अशा दोन्ही प्रकारांत निघाले. आम्ही हे आधी विचारले असते, तर डीडीआर-४ चा बोर्ड घेऊन जुनी मेमरी वाचविता आली असती. २०२४ साली आलेल्या एलजीए-१८५१ सॉकेटला डीडीआर-५ च लागते. एएमडीकडे एएम-४ हे सॉकेट डीडीआर-४ चे आणि २०२२ चे एएम-५ हे डीडीआर-५ चे. या दोन मेमऱ्यांच्या खाचा निरनिराळ्या असल्याने एक दुसरीच्या जागी बसत नाही. ज्यांच्याजवळ जुनी मेमरी आहे आणि पैसा मोजका आहे त्यांस एएम-४ चा बोर्ड पुष्कळ दिवस पुरेल. ज्यांस सर्वच नव्याने घ्यावयाचे आहे त्यांनी एएम-५ कडे पाहावे, कारण त्यावर पुढे केवळ प्रोसेसर बदलून काम भागण्याचा संभव अधिक.

बोर्डाच्या अंगी असलेली मूळ आज्ञावली, जिला बायोस म्हणतात, तीही अद्ययावत असावी. काही नवी कार्डे, विशेषतः २०२२ पासून आलेली इंटेलची आर्क कार्डे, ‘रीसाइझेबल बार’ नावाची सोय बोर्डात असेल तरच आपला पूर्ण वेग दाखवितात. तसेच ज्या इंटेल प्रोसेसरच्या नावाअखेर ‘एफ’ अक्षर असते त्यांत स्वतःचे चित्रयंत्र नसते. त्यांस ग्राफिक्स कार्ड हवेच. आणि कार्ड बसविल्यावर पडद्याची तार कार्डालाच जोडावी. ती सवयीने मदरबोर्डच्या जोडाला लावून “कार्ड बिघडलेले निघाले” म्हणणारे गृहस्थ मी एकाहून अधिक पाहिले आहेत.

व्यापाऱ्याच्या दृष्टीने याहून महत्त्वाची गोष्ट परवान्याची. तयार संगणकाबरोबर आलेला विंडोजचा परवाना त्या मदरबोर्डशी बांधलेला असतो. बोर्ड बदलला की तो जाण्याचा संभव असतो. टॅलीसारख्या हिशेबाच्या प्रणालीचा परवानाही त्या यंत्राशी निगडित असतो. बोर्ड काढण्यापूर्वी तो रीतसर सोडवून घ्यावा आणि सर्व हिशेबाची प्रत निराळ्या डिस्कवर काढून ठेवावी. वर्षअखेरीस किंवा विवरणपत्राच्या मुदतीच्या आठवड्यात तर हे काम हाती घेऊच नये. ज्या संगणकावर पेढीचा हिशेब आहे त्याच्यावर प्रयोग करू नयेत, हे उत्तम.

आता प्रत्यक्ष क्रम सांगतो. प्रथम काम कोणते ते लिहून काढावे, आणि ज्या प्रणालीवर ते करावयाचे तिला किती मेमरीचे कार्ड लागते ते पाहावे. मग आपल्या बोर्डाचे नाव काढावे. विंडोजमधील ‘सिस्टिम इन्फर्मेशन’ या पानावर किंवा ‘सीपीयू-झेड’ या विनामूल्य साधनाने ते कळते. त्या नावाचे माहितीपत्रक निर्मात्याच्या संकेतस्थळावर मिळते. त्यावरून स्लॉटची पिढी व मार्गिका पाहाव्यात. तिसरे, एसएमपीएसवरील चिठ्ठी वाचावी आणि कार्डासाठीची तार आहे की नाही हे डोळ्यांनी पाहावे. चौथे, जागा मोजावी. पाचवे, २०१८ च्या आधीचा प्रोसेसर असल्यास ध्यानात घ्यावे की विंडोज ११ त्यास बहुधा अधिकृतपणे स्वीकारीत नाही, आणि विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. अशा वेळी बोर्ड बदलण्यास स्वतंत्र कारण मिळते. हे सर्व झाल्यावर कार्ड निवडावे. खरेदी गावात करा की दिल्लीच्या नेहरू प्लेसमध्ये, पक्के बिल घ्यावे. त्यावर वस्तूचा अनुक्रमांक असावा, कारण हमी त्याच्यावरच चालते. आणि वस्तू पेढीच्या कामाची असेल तर भरलेल्या १८ टक्के जीएसटीची वजावटही त्याच बिलावर मिळते.

याच क्रमाने आम्ही गेलो असतो तर काय झाले असते, याचा हिशेब मी मागाहून मांडून पाहिला. चिरंजीवांचे काम प्रामुख्याने अंगठ्या, कर्णभूषणे यांचे नमुने आखण्याचे. तेवढ्यासाठी ७० वॅटचे, ६ गिगाबाइटचे आरटीएक्स ३०५० पुरेसे होते. त्यास निराळी तार लागत नाही. ते ८ मार्गिकांचे असले तरी जुन्या बोर्डाचा स्लॉट त्यास भागला असता. आणि २६० वॅटच्या पुरवठ्यावरही त्याचा निभाव लागण्याजोगा होता. म्हणजे एका कार्डाच्या, तेही स्वस्त कार्डाच्या, किमतीत काम झाले असते. मोठेच कार्ड हवे होते, तर जुना संगणक हिशेबासाठी अखंड ठेवून दुसरा स्वतंत्र उभारणे बरे पडले असते. आम्ही दोन्ही वाटा सोडल्या आणि चालता संगणक मोडून बसलो.

नव्या यंत्रावर चिरंजीवांचे काम आता उत्तम चालले आहे. गेल्या लग्नसराईत पडद्यावर पसंत झालेले नमुने पेढीवर पुष्कळ विकले गेले, हे सांगावयास आनंद वाटतो. परंतु त्या जुन्या बोर्डाची पेटी मी मुद्दाम कपाटात जपून ठेवली आहे. कोणी सभासदबंधू कार्डाविषयी विचारावयास आले की ती दाखवितो आणि एवढेच म्हणतो, “अंथरूण पाहून पाय पसरावेत; पण अंथरूण केवढे आहे ते आधी मोजून तर घ्या.”